आमच्या नाटकातला सुभेदार आणि डॉक्टर मॅडम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालमी सुरू झाल्यापासून लोक जिथे भेटतील तिथे तेच तेच विचारतात, देवळासमोर, मासळी बाजारात, परवा तर एकाने स्मशानातून परतताना विचारलं. नाटक मीच लिहिलंय आणि मीच बसवतोय, दोन अंकी आहे, माणसं तीनच, एक रिटायर सुभेदार, त्याची बायको आणि सायकॅट्रिस्ट. बाकी उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

ही खरी गोष्ट आहे का? कोणाची?

नाही. वाड्यावरच्या कोणाचीही नाही. तरी लोकांनी अंदाज बांधायचे ते बांधलेच, तीन नावं माझ्या कानावर आली आणि त्यातले एक काका फौजेत नव्हतेच मुळी, मुरगाव बंदरात होते. सुभेदार मी बनवलाय. त्याच्या काही सवयी मात्र खऱ्या माणसांकडून आल्यात, ते पुढे सांगतो.

कारगिलच का? जुनी लढाई कोणाला आठवते?

मला आठवते ना. १९९९ च्या मे ते जुलैमध्ये मी कॉलेजात होतो आणि घरी बसून टीव्हीवर आपल्या देशाचं युद्ध बघितलेली आमचीच पहिली पिढी. ५२७ जवान गेले. जे परत आले ते तेव्हा बावीस-पंचविशीचे होते, म्हणजे आता पन्नाशीला आले, कोणी बँकेच्या दारात सिक्युरिटीला उभा आहे, कोणी पेन्शन घेऊन कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, बघतोय. आमचा सुभेदार कुळागरवाला, सकाळी पोफळींना पाणी लावतो, दुपारी सुपाऱ्या निवडतो, गावात कोणाशी भांडण नाही तंटा नाही. म्हणून तर पंचवीस वर्षं कोणाला काही कळलं नाही.

आणि एक गंमत. गोव्यातल्या माणसाला ‘ऑपरेशन विजय’ म्हटलं की गोवा मुक्त झाला तो १९६१ चा डिसेंबर आठवतो, कारगिलच्या मोहिमेचं नावही तेच, ऑपरेशन विजय. नाटकात १९ डिसेंबरला शाळेत सुभेदाराला पाहुणा म्हणून बोलावतात आणि हेडमास्तर दोन्ही विजयांची भेसळ करून असं भाषण ठोकतात की कारगिलची टायगर हिल पणजीच्या मांडवीकाठी येते. हेडमास्तर दिसत नाहीत, विंगेतून फक्त आवाज येतो. लोक हसतात, आणि सुभेदार स्टेजवर हातातला हार कुठे ठेवायचा ते शोधत असतो.

त्याला झालंय काय नक्की? वेड लागलंय का?

वेडबिड काही नाही. आजाराचं नाव पीटीएसडी, मराठीत आघातोत्तर तणाव विकार म्हणतात पण हा शब्द आमच्या नटाला एकदाही सरळ म्हणता आला नाही म्हणून मी तो काढून टाकला. जिवावर बेतलेलं काही घडतं आणि ते संपत नाही, असं समजा. डॉक्टर लोक चार गोष्टी बघतात: ती घटना स्वप्नात किंवा जागेपणी परत परत येणं, तिची आठवण करून देणारं सगळं टाळणं, मनातले विचार काळे होणं म्हणजे माझंच चुकलं, कोणावर भरवसा नाही वगैरे, आणि चौथं म्हणजे शरीर सतत पहाऱ्यावर असणं, झोप नाही, जरा खुट्ट झालं की दचकणं. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि जगणं अडू लागलं तरच पीटीएसडी म्हणतात. लढाईवरून आलेल्या प्रत्येकाला होतं असंही नाही, आणि न लढलेल्यालाही होऊ शकतं, अपघात, बलात्कार, पूर, काहीही पुरतं.

आता फटाक्यांचं. सगळे विचारतात की नरकासुराच्या रात्री तो पलंगाखाली शिरतो असा सीन आहे ना? नाहीये. पहिल्या खर्ड्यात होता. फौजेतले एक निवृत्त हवालदार आमची तालीम बघायला यायचे, नाव सांगणार नाही, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, चवथीला गर्नाळ वाजणार हे मला ठाऊक असतं हो, मी तयारीत असतो, मला त्रास कसला होतो माहितीय का, रॉकेलच्या वासाचा. झालं, मी घरी जाऊन सीन फाडला. आता सुभेदार जत्रेत गर्नाळं आरामात ऐकतो, पोराला खांद्यावर घेऊन दारूकाम दाखवतो, आणि खाज्याच्या दुकानावर कोणीतरी जुना रॉकेलचा पेट्रोमॅक्स दिवा काढून पंप मारायला लागतो तेव्हा पोराला तिथेच उतरवून चालायला लागतो, घरापर्यंत. पोर जत्रेत हरवतं. नाटक तिथून सुरू होतं.

(वास प्रेक्षकांपर्यंत पोचवावा म्हणून एका तालमीत आम्ही विंगेत चमचाभर रॉकेल सांडून पाहिलं. हॉलवाल्यांनी जो ओरडा घातला तो रास्तच होता. आता वास नाही, नटाचं नाकच पुरतं.)

हे सगळं हल्लीचं फॅड आहे का? आमच्या आजोबांच्या काळी कुठे होतं?

होतं, नावं वेगळी होती. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणायचे, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या साप्ताहिकात त्याबद्दल लिहिलं. सुरुवातीला वाटायचं की तोफगोळ्याच्या दणक्याने मेंदूला मार बसतो, मग लक्षात आलं की गोळा जवळपास न फुटलेल्यांचेही हात थरथरतात, वाचा जाते. कोणी म्हणे भित्रे आहेत. ब्रिटिशांनी त्या युद्धात पळून जाणं, भ्याडपणा असल्या आरोपांवरून आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यातले किती आजारी होते देव जाणे, २००६ साली त्यांना माफी मिळाली.

माझ्या डोक्यात हे नाटक शिरलं ते डॉक्टर रिव्हर्समुळे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. हा माणूस आधी आपल्या निलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहून गेलेला, त्यांच्यावर १९०६ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिलेला, आणि युद्धात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात बिथरलेल्या अफसरांवर उपचार करत होता. तेव्हा इतर काही ठिकाणी मुक्या झालेल्या शिपायाच्या घशाला विजेचे चटके देऊन ‘बोल’ म्हणायचे. रिव्हर्स समोर बसून बोलायचा, आणि रुग्णांना सांगायचा की विसरायचा प्रयत्न करू नका, त्यानेच बिघडतंय. १९१७ मध्ये त्याच्याकडे सिगफ्रीड ससून हा कवी आला, शौर्यपदक मिळवलेला अफसर, युद्ध उगाच लांबवताय म्हणून त्याने जाहीर निषेध केलेला. कोर्ट मार्शल करण्यापेक्षा आजारी ठरवून इकडे पाठवला. आता गंमत बघा, रिव्हर्सला दिसतंय की हा वेडा नाहीये, आणि रिव्हर्सचं काम काय तर याला बरा करून परत त्याच खंदकात धाडणं. ससून गेला परत. १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागली, वाचला.

आपल्याकडे लोक लगेच गीता काढतात. अर्जुनाला पॅनिक अटॅक आला, तोंडाला कोरड, अंगाला कंप, गांडीव हातातून सुटतंय, कृष्ण पहिला काउन्सेलर, असे फॉरवर्ड मला आठवड्याला दोन येतात. ते पहिल्या अध्यायातलं वर्णन खरंच अचूक आहे, मानलं. पण अर्जुनाचं ते युद्धाच्या आधीचं, आणि कृष्णाला त्याला लढायला उभं करायचंय. आमची केस युद्धानंतरची. महाभारतात शोधायचाच तर अश्वत्थामा बघा, कपाळावर भळभळती जखम घेऊन हिंडणारा, मरण नाही, झोप नाही, दारोदार तेल मागतो म्हणतात. सुभेदाराची बायको एकदा चिडून त्याला अश्वत्थामा म्हणते, तेवढंच, पुढे मी ताणलेलं नाही.

‘पीटीएसडी’ हे नाव मात्र खरंच अलीकडचं, १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं, व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी बरंच भांडल्यावर.

डॉक्टर मॅडम सायकॅट्रिस्ट की सायकॉलॉजिस्ट?

सायकॅट्रिस्ट. म्हणजे आधी एमबीबीएस, मग मनोविकारात एमडी, गोळ्या लिहून देऊ शकते. सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, औषध लिहीत नाहीत. खऱ्या जगात बहुतेक वेळा दोघं मिळून काम करतात पण माझ्याकडे तीनच नट आहेत आणि गाडीत चौथ्याला जागा नाही.

संमोहन का नाही करत? शॉक का नाही देत? सीन रंगला असता.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूचा पुतळा बघितलाय ना, हात पसरलेला पाद्री आणि खाली कोसळणारी बाई? परगावचे लोक त्याला भूतबित समजून फोटो काढतात. तो आबे फारिया, आपल्या कांदोळीत १७५६ ला जन्मलेला, संमोहनशास्त्रातला पायाचा माणूस. त्याची ती गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते, लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि वाचा बसली, तेव्हा बापाने खालून कोंकणीत कुजबुजलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी, आणि गडी सुटला. खरी खोटी देव जाणे. पण महत्त्वाचं पुढे आहे. त्या काळी सगळे म्हणत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकी द्रव निघतो आणि त्याने माणूस झोपतो. फारिया पॅरिसला राहून सांगत होता की माझ्यात काही शक्तीबिक्ती नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. १८१९ मध्ये गेला, लोकांनी भोंदू ठरवून टिंगल केलेली. पुढे पणजीत आल्तिन्होवर मनोरुग्णांचं हॉस्पिटल होतं त्याला याचंच नाव दिलं होतं.

तर डॉक्टर मॅडमच्या टेबलावर फारियाच्या पुतळ्याचा एक छोटा फोटो आहे. पहिल्याच भेटीत सुभेदार विचारतो, मला झोपवणार काय? ती म्हणते, माझ्याने नाही व्हायचं, पण तुम्ही झोपायला लागलात तर मला कळवा.

शॉकबद्दल दोनच वाक्यं. सिनेमात दाखवतात तसा शुद्धीत, हातपाय बांधून शॉक देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही. तीव्र डिप्रेशनमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो, शिक्षा म्हणून तो कधीच द्यायला नको होता, आणि आमच्या सुभेदाराला त्याची गरज नाही.

डॉक्टरचं काम फारच डल आहे, ती बोलतच नाही?

हा प्रश्न सगळ्यात आधी ते काम करणाऱ्या नटीनेच विचारला. तिला स्वगत हवं होतं, हौशी रंगभूमीवर स्वगत नसलेलं काम म्हणजे मीठ नसलेली पेज. मी म्हटलं तुला स्वगत नाही पण खुर्ची आहे.

ते हवालदार पहिल्यांदा तालमीला आले तेव्हाची गोष्ट. आम्ही त्यांना मधोमध खुर्ची दिली, पाठ दाराकडे. ते बसले, चहा हातात घेतला, आणि पाच मिनिटांत काय झालं कोणाच्या लक्षात आलं नाही पण खुर्ची भिंतीला लागलेली होती आणि त्यांना दार, खिडकी आणि आम्ही सगळे समोर दिसत होतो. चहा सांडला नव्हता. नटीने ते टिपलं. आता पहिल्या प्रवेशात सुभेदार तसंच करतो, आणि पुढच्या प्रवेशात पडदा उघडतो तेव्हा डॉक्टरने स्वतःच टेबल फिरवून त्याची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली असते. एक शब्द नाही. तो आत येतो, बघतो, बसतो. त्या जागी परवा तालमीत प्रॉम्प्टरच्या हातातून पानं पडली, आणि मग नटीने स्वगत मागायचं बंद केलं.

ती ‘डॉक्टर मॅडम’, तो ‘सुभेदारसाहेब’. शेवटपर्यंत अहो-जाहो. मध्ये एकदा तो तिला ‘बाय’ म्हणतो, मुलीला म्हणतात तसं, आणि लगेच ‘सॉरी मॅडम’.

दोघांचं प्रेम जमतं का?

नाही हो.

मग उपचार म्हणजे करते काय ती?

आधी गोळी. सेर्ट्रालिन, रोज एक, आणि स्पष्ट सांगते की चार-सहा आठवडे काही विचारू नका. सुभेदार आठव्या दिवशी विचारतो. मग बोलणं, आणि त्याचीही ठरलेली पद्धत आहे, मी बनवलेली नाही. ती घटना रुग्णाने डोळे मिटून वर्तमानकाळात सांगायची, आत्ता घडतेय अशी, रेकॉर्ड करायची, घरी रोज ऐकायची. साधारण आठ ते पंधरा बैठका. ऐकायला क्रूर वाटतं, पण टाळल्यानेच ती आठवण ताजी राहते असं यामागचं म्हणणं, शंभर वेळा ऐकलेली गोष्ट हळूहळू गोष्ट होते. हे घरी युट्यूब बघून करू नका, समोर शिकलेला माणूस हवा.

मराठीत हे फार मजेचं झालं. सुभेदार सांगतो, ‘आम्ही वर चढत होतो.’ मॅडम म्हणते, ‘चढतोय.’ ‘हां, चढतोय. अंधार होता.’ ‘आहे.’ पूर्ण नाटकात तिची सगळ्यात जास्त वाक्यं एका शब्दाची आहेत, आहे, दिसतंय, धरलाय. मास्तरणीसारखी काळ सुधारत बसते. तो मोबाईलवर स्वतःचा आवाज ऐकायला कुळागरात जातो, कानात वायर, हातात कोयती, आणि बायकोला वाटतं की भजनं ऐकतोय.

रहस्य काय आहे? शेवटी तो रडतो का?

सांगूनच टाकतो, नाहीतरी गावात फुटलंय. सगळ्यांना वाटतं की त्याने चुकून आपलाच माणूस मारला असेल किंवा कोणाला सोडून पळाला असेल. तसलं काही नाही. चौकी जिंकल्यावरची रात्र, सोळा हजार फुटांच्या आसपास, बंकरमध्ये रॉकेलचा स्टोव्ह, शेजारी जखमी जोडीदार, सकाळी उजाडल्यावर खाली न्यायचा. याने फक्त जागं राहायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. तीन रात्री न झोपलेला तेवीस वर्षांचा पोरगा. याला डोळा लागला, अर्धा तास असेल. उठला तेव्हा जोडीदार गेलेला.

पहिल्या वाचनाला आमचा खजिनदार म्हणाला, एवढंच? हो, एवढंच. जागा असता तरी तो वाचला नसता, हे डॉक्टरला माहीत आहे, सुभेदारालाही माहीत आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. अशा अपराधी भावनेला हल्ली वेगळं नाव देतात, नैतिक जखम. तो पंचवीस वर्षं झोपत नाही याला कारण भीती नाहीये, तो ड्युटीवर आहे.

रडत नाही. नटाने दोनदा रडून दाखवलं, छान रडतो तो, स्पर्धेत बक्षीस घेतलंय रडण्यावर, मी काढून टाकलं. शेवटच्या बैठकीत तो सगळं वर्तमानकाळात सांगत त्या बंकरपर्यंत येतो आणि म्हणतो, ‘मला झोप लागली होती, मॅडम.’ होती. डॉक्टर या वेळी काळ सुधारत नाही. दिवे जातात. पूर्ण बरा होतो का? मला माहीत नाही, पेट्रोमॅक्स लागला तर तो अजूनही दुसऱ्या रस्त्याने जाईल असं मला वाटतं.

बायकोचं काम लहान आहे म्हणे?

पानं कमी, काम मोठं. तिला एक गोष्ट येते जी डॉक्टरला शिकवावी लागत नाही. रात्री तो ओरडत असला की ती जवळ जात नाही, हात लावत नाही, लग्नानंतर पहिल्या वर्षी हात लावला होता तर मनगट महिनाभर बांधून होतं. ती पायथ्याशी लांब उभी राहते, तांब्यावर चमच्याने हळू वाजवते आणि नाव घेऊन सांगते, घरी आहात, अमुक वार आहे, पाऊस पडतोय. अशा माणसाला जवळून हलवून उठवू नये हे खरंच आहे, आधी आवाज, लांबून. या सीनला तालमीला आलेल्या दोन बायका उठून बाहेर गेल्या होत्या. मी विचारलं नाही.

दारू पितो का?

पितो, गोव्यात आणि वर कँटीनची रम, प्रश्नच आहे का. पण दारुडा म्हणून दाखवलेला नाही. रात्री दोन पेग झोपेसाठी, मग तीन, मग झोप लागते पण पहाटे तुटते आणि स्वप्नं उलट जोरात येतात. डॉक्टर त्याला सोड म्हणत नाही, वहीत लिहा म्हणते, किती प्यायलो आणि किती वाजता जाग आली. फौजी माणूस, लॉगबुक व्यवस्थित ठेवतो, आणि पंधरा दिवसांत वही बघून स्वतःच गप्प होतो.

आमच्या घरी असं कोणीतरी आहे. कुठे जायचं?

हे विचारणारे बाजूला घेऊन, आवाज कमी करून विचारतात. बांबोळीला सरकारी संस्था आहे, मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजपासून जवळच. ‘बांबोळीला नेलं’ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या भुवया वर जातात, त्यावरही नाटकात एक सीन आहे, पण तिथे रोजची ओपीडी असते, दाखवून माणूस घरी येतो. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना आहेच. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि गोव्यातली ‘संगथ’ ही १९९६ पासूनची संस्था, डॉक्टर नसलेली साधी माणसं नीट शिकवली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून समुपदेशन करू शकतात हे यांनी आपल्याच गोव्यात करून दाखवलं, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, तेच ते शेल शॉकवालं साप्ताहिक. जीव द्यायच्या गोष्टी कोणी बोलत असेल तर मात्र माझं नाटक बघायची वाट बघू नका, आजच घेऊन जा.

मुलांना आणू का?

दहाच्या वरची आणा. एक किंकाळी आहे, पहिल्या अंकात, सांगून ठेवतो.

आमच्या जत्रेला प्रयोग कराल का?

करू. मानधन नको, जेवण आणि गाडीचं डिझेल द्या. दोन अटी. अंकाच्या मध्ये गर्नाळ उडवायचं नाही, आणि लाईट गेली तर जनरेटर हवा, पेट्रोमॅक्स चालणार नाही.

माजी सैनिकांना तिकीट आहे का?

नाही. शेवटच्या रांगेत दाराजवळच्या, भिंतीला टेकलेल्या सहा खुर्च्या राखून आहेत. नाव सांगायची गरज नाही, थेट जाऊन बसा. मध्ये उठून गेलात तर कोणी वळून बघणार नाही, तिथे उजेड नसतो.